झडीचे दिवस आणि घरातील पोथी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मंडळाचा अहवाल, जमाखर्च आणि आभार यांना पहिली जागा द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण ज्या गावात राहतो, ज्या वऱ्हाडात वाढलो, तेथील बायकांच्या आयुष्याचा थोडा इतिहासही अशा पुस्तिकेत असावा. लढायांचा आणि राजांचा इतिहास मुलांच्या क्रमिक पुस्तकांत असतो. चुलीजवळचा आणि ओसरीवरचा इतिहास मात्र आपणच लिहावा लागतो. म्हणून ‘घर थांबते तेव्हा घरात काय वाचले जाई, आणि ते कोण वाचीत असे’ हा साधा प्रश्न येथे घेतला आहे.

घर थांबण्याचे प्रसंग आपल्याकडे नवे नाहीत. इंझोरीसारख्या शेतीच्या गावाला झड काय असते ते सांगावे लागत नाही. आषाढ-श्रावणात एकदा झड लागली की चार-चार दिवस पाऊस उघडत नाही. काळ्या मातीत पाय घालवत नाही, निंदण थांबते, बैल गोठ्यात आणि माणसे घरात. दुसरा प्रसंग साथीचा. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत त्याने महाराष्ट्राला गाठले. 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ आली आणि एकाच हंगामात घरेच्या घरे ओस पडली. आणि 25 मार्च 2020 पासूनची टाळेबंदी तर आपण सर्वांनी भोगलेली आहे. अशा प्रत्येक वेळी माणसाला तीन गोष्टींची गरज पडते. मन थाऱ्यावर आणणारे काहीतरी हवे, नवे कळावे असे काहीतरी हवे आणि घटकाभर हसू येईल असेही काहीतरी हवे. या तिन्ही गरजा आपल्या लोकांनी पुस्तकांनी कशा भागविल्या, त्याची ही हकीकत आहे.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात ही शाखा स्थापन करणारा राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने पारिजातक आणला, ती कथा त्यात होती. विशेष हे की, ते काव्य संस्कृतात नसून महाराष्ट्री प्राकृतात होते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. इतर ग्रंथकारांनी दिलेल्या उताऱ्यांवरून आणि उल्लेखांवरून तो कळतो. पुढे 1702 साली श्रीधरस्वामींनी मराठीत ‘हरिविजय’ याच नावाची पोथी लिहिली आणि ती घराघरांत गेली. राजदरबारच्या हरिविजयापासून ओसरीवरच्या हरिविजयापर्यंत तेराशेहून अधिक वर्षांचा काळ लोटला. नाव एकच राहिले, परंतु श्रोते बदलले. हा बदल कसा घडला, ते पाहण्यासारखे आहे.

त्यातले सर्वांत मोठे पाऊल आपल्याच वऱ्हाडात पडले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ लिहिले, तो मराठीतील पहिला मोठा गद्य ग्रंथ मानला जातो. त्यातील भाषा पंडितांची नाही. ती बोलणाऱ्या माणसांची आहे. त्या आठवणी सांगणाऱ्यांत बायकाही होत्या. महदाइसा त्यांच्यापैकीच. तिने रचलेले ‘धवळे’ म्हणजे लग्नप्रसंगी म्हणावयाची गीते. त्यांमुळे ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. म्हणजे आपल्या भाषेतील पहिली कविता करणारी बाई वऱ्हाडातल्या परंपरेतून आली आणि तिने काव्यासाठी विषय निवडला तो घरातल्या मंगलकार्याचा!

याच पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात एक आठवण आहे. पंथाचे आचार्य नागदेव यांना त्यांच्या एका विद्वान शिष्याने संस्कृतात लिहिण्याबद्दल विचारले. आचार्यांनी नको म्हटले. कारण असे दिले की, संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. भगिनींनो, या एका वाक्यातील आशय किती मोठा आहे पाहा. ग्रंथ कोणत्या भाषेत व्हावा, याचा निर्णय सातशे वर्षांपूर्वी कोणाचा विचार करून झाला? राजाचा नाही, शास्त्र्यांचा नाही. अक्षर न शिकलेल्या वृद्ध स्त्रियांचा विचार करून झाला. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याचे काम 2024 साली सुरू झाले. त्या विद्यापीठाच्या पायात कोणाचा दगड आहे, हे आपण विसरू नये.

पण ऐकता येणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. हस्तलिखितांच्या काळात ग्रंथ हे फार थोड्यांचे धन होते. आपल्या जवळच्या कारंज्याचे उदाहरण घ्या. कारंज्याच्या जैन मंदिरांतून शेकडो वर्षे हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. जैन साधू चातुर्मासात प्रवास थांबवून एका जागी राहतात. त्या मुक्कामात वाचन, प्रवचन आणि ग्रंथांच्या नकला चालत. या भांडारांतील ग्रंथांची यादी 1926 साली छापली गेली तेव्हा विद्वानांचे डोळे उघडले. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी तेथील अपभ्रंश काव्यांचा अभ्यास करून 1933 साली पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ आणि 1934 साली कनकामराचे ‘करकंडचरिउ’ संपादून प्रसिद्ध केले. मराठीच्या आधीची भाषा कशी होती, ते समजण्यास आपल्या शेजारच्या गावातील पेट्या कामी आल्या! पावसाळ्यात कोरडी जागा पाहून, फडक्यात बांधून ज्यांनी त्या पोथ्या सांभाळल्या, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

कारंजे हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणूनही सर्वांना ठाऊक आहे. सरस्वती गंगाधरांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या ‘गुरुचरित्रा’चे सात दिवसांचे पारायण वऱ्हाडात घरोघर होते. पारायणाच्या नियमांत मन एकाग्र करण्याचे शहाणपण आहे. ठराविक वेळ, ठराविक आसन, हलका आहार, मध्ये उठावयाचे नाही, बोलावयाचे नाही. मनःशांतीसाठी हल्ली शहरांत वर्ग भरतात. त्यांत जे शिकवतात, त्यातील बराच भाग या नियमांत आधीच आहे. मात्र एक गोष्ट मोकळेपणाने नमूद केली पाहिजे. कित्येक घरांत ही पोथी बायकांनी वाचू नये, ऐकावी, असा दंडक होता. सोवळ्याचा स्वयंपाक तिने करावा, नैवेद्य तिने दाखवावा, पारायणाची सर्व तयारी तिने करावी, आणि पोथी मात्र दुसऱ्याने वाचावी. ‘मध्ये उठावयाचे नाही’ हा नियमही तिला पाळता येत नसे, कारण कोणीतरी उठावेच लागे.

आता झडीच्या दिवसांतील संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि 1718 सालचे ‘शिवलीलामृत’ ही चातुर्मासातली आवडती पुस्तके. भाषा सोपी, गोष्ट रसाळ, ओवी सहज कानात बसणारी. चौरंगावर पोथी, जवळ दिवा, आणि ज्याला बाळबोध अक्षर येते असा एक वाचक. पुरुष मंडळी ओसरीवर, मुले त्यांच्या मांडीला टेकून, आणि बायका आतल्या दाराशी. आत ओल्या पऱ्हाट्या धुमसत असल्या की धुराने डोळे भरत. एक कान पोथीकडे आणि एक कान तव्यावरच्या भाकरीकडे. घर थांबले तरी बाईचे काम थांबत नाही; उलट सर्व माणसे घरात असली म्हणजे ते वाढते. आपल्या घरगुती वाचनाच्या इतिहासातील ही मुख्य गोष्ट आहे.

तथापि त्या दाराशी बसून ऐकणे व्यर्थ गेले असे कोणी समजू नये. बायकांनी आपले स्वतःचे ग्रंथालय तोंडी तयार केले. श्रावणातल्या कहाण्या पाहा. सोमवारची, शुक्रवारची, जिवतीची, अशा एकेका वाराची कहाणी, आणि ती सांगण्याचा मान बाईचा. हातात तांदळाचे दाणे घेऊन कहाणी ऐकावयाची, मध्ये कोणी बोलावयाचे नाही. या कहाण्यांत आवडती-नावडती आहे, सासुरवास आहे, उतलेली-मातलेली माणसे आहेत, आणि शेवटी न्याय आहे. दुसरे ग्रंथालय जात्याचे. पहाटेच्या अंधारात दळता दळता रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने गावोगाव फिरून गोळा करण्यात आल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आणि खानदेशातील बहिणाबाई चौधरी तर सर्वांना माहीत आहेत. 1880 ते 1951 असे त्यांचे आयुष्य. लिहिता-वाचता येत नसता त्यांनी शेतात आणि घरात गाणी रचली. मुलाने व नातलगाने ती टिपून ठेवली, आणि 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. कोणी टिपून ठेवले नसते तर महाराष्ट्र एका मोठ्या कवयित्रीला मुकला असता. टिपून न ठेवल्यामुळे अशा किती जणींना मुकला असेल, त्याचा हिशोब कोण देणार?

पुढे छापखाना आला. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली छापखाना काढला. शाईत चरबी असेल या शंकेने धार्मिक लोक छापील पोथीला शिवत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगतात. पुढे 1869 साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला. पोथी स्वस्त झाली, अक्षर सुबक झाले. मुलांसाठीही पुस्तके येऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके 1828 सालची. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक सुरू केले आणि अनेक वर्षे स्वतः लिहून चालविले. वऱ्हाडात रेल्वे आली, टपाल आले, पुढे व्ही. पी. ने पुस्तके मागविण्याची सोय झाली. अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय 1860 सालचे. पुस्तक आता गावाच्या जवळ येऊन ठेपले होते. प्रश्न उरला तो बाईच्या हातात ते कधी पडेल, हा.

1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ही हकीकत आपण दरवर्षी सांगतो. परंतु खेडोपाडी शाळा पोहोचावयास पुष्कळ वर्षे लागली. मधल्या काळात जिला अक्षर आले, तिला ते बहुधा घरातच आले. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचेच पाहा. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मुलीला घरीच शिकविले. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला दूषणे दिली, तेव्हा ताराबाईंनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून रोखठोक जबाब दिला. पुण्यास छापलेल्या त्याच्या प्रती अवघ्या 500 होत्या. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेले आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. घरात शिकलेली वऱ्हाडची एक लेक लिहू लागली की काय लिहू शकते, आणि तिला धीर देणारे भोवती नसले की तिची लेखणी कशी थांबते, या दोन्ही गोष्टी ताराबाईंच्या चरित्रातून शिकण्यासारख्या आहेत.

रमाबाई रानडे यांचे लग्न 1873 साली झाले. पती न्यायमूर्ती, त्यांनी पत्नीस शिकविण्याचे मनावर घेतले. परंतु घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. दिवसभर घरातील बोलणी ऐकावयाची आणि रात्री धडा तयार करावयाचा, असे त्यांचे शिक्षण झाले. 1910 साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिले, त्यात हे सर्व निर्मळ मनाने सांगितले आहे. काशीबाई कानिटकर यांचीही गोष्ट अशीच. लग्न झाले तेव्हा अक्षरओळख नव्हती. सासरी आल्यावर स्वतःच्या जिद्दीने शिकल्या, आणि पुढे कथा-कादंबऱ्या व डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाईच्या वाचनाला विरोध करणारे नेहमी पुरुषच होते असे नाही. ज्यांना स्वतःला वाचू दिले नव्हते, अशा बायकाही आड आल्या. ही साखळी तोडावयाची तर ती घरातच तोडावी लागते.

यानंतर आले ‘करमणूक’. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली या नावाचे साप्ताहिक सुरू केले. घरातील सर्वांना एकत्र बसून वाचता यावे, मनोरंजन व्हावे आणि सोबत चार उपयोगाच्या गोष्टीही कळाव्यात, अशी त्यामागील दृष्टी होती. त्यातच ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूची ही कहाणी तिच्याच तोंडून सांगितलेली आहे. ओसरीवरच्या पोथीत राण्या आणि पतिव्रता होत्या. येथे पहिल्यांदा आपल्यासारख्या घरातील मुलगी पुस्तकात आली. ती कशी हसली, कशी शिकली, आणि विधवा झाल्यावर तिचे काय हाल झाले, हे वाचताना अनेकींना आपलीच शेजारीण दिसली असेल. करमणुकीच्या नावाने घरात शिरलेले पुस्तक घराची झोप उडवू शकते, ते असे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाबरोबर अंक हा महाराष्ट्राचा रिवाज होऊन बसला. 1930 साली किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले. पुढे मुलांसाठी 1952 साली मराठी ‘चांदोबा’ आला, तो आता निघत नाही. आणि 1971 साली बालभारतीने सुरू केलेले ‘किशोर’ मात्र आजही चालू आहे.

घरात कोंडून राहण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो तुरुंगाचा. त्याचेही आपल्या वाचनावर ऋण आहे. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई बडोद्यास असताना गीतेवरील प्रवचन ऐकावयास जात. संस्कृत कळेना, म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने आणून दिलेले भाषांतरही त्यांना अवघड वाटले, तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. आई 1918 साली गेली. मुलाने तिचा शब्द मनात ठेवला आणि पुढे ‘गीताई’ लिहिली; ती 1932 साली छापली गेली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तीच आपली ‘गीता प्रवचने’. पुढच्या वर्षी, 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. ती 1935 साली प्रसिद्ध झाली. रिद्धपूरच्या म्हाताऱ्यांप्रमाणेच या पुस्तकांच्या मागेही आई आहे. एका आईला समजावे म्हणून एक पुस्तक झाले, आणि एका आईच्या आठवणीने दुसरे.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांतील घरगुती वाचनाला नवे ग्रंथ मिळाले. गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ 1955 सालची. तिच्या 41 अध्यायांत गावाची स्वच्छता आहे, श्रम आहे, आणि महिलांच्या उन्नतीवर स्वतंत्र अध्यायही आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली, आणि 1957 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या मराठी रूपाचे वाचन वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, विदर्भातील विहाराविहारांतून आणि घरांतून होते. या वाचनाला बायका मोठ्या संख्येने बसतात, आणि वाचावयासही बसतात. ज्यांच्या पूर्वजांना ग्रंथाजवळ येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या घरातील सून-लेक आज ग्रंथ हाती घेऊन वाचते, यासारखा बदल नाही. जैनांचा चातुर्मास, हिंदूंचा श्रावण, बौद्धांचा वर्षावास या तिन्हींनी पावसाळ्याचे बंद दिवस ग्रंथाला वाहिले. एकाच आभाळाखाली राहणाऱ्या लोकांना एकच शहाणपण सुचले.

1951 सालच्या जनगणनेत भारतात दर 100 स्त्रियांमागे साक्षर स्त्रिया 9 सुद्धा नव्हत्या. 2011 साली महाराष्ट्रात हे प्रमाण 76 च्या जवळ पोहोचले. म्हणजे साठ वर्षांत अक्षर बाईपर्यंत आले. मग आता दाराशी बसून ऐकण्याची वेळ संपली काय?

2020 सालच्या टाळेबंदीने याचे उत्तर दिले. शाळा बंद, बाजार बंद, वाचनालये बंद. वाचनालये उघडण्यास परवानगी मिळावयास ऑक्टोबर उजाडला. दूरदर्शनने 28 मार्चपासून जुने ‘रामायण’ पुन्हा दाखविले आणि घरोघर माणसे जमून बसली. ओसरीवरच्या पोथीचेच ते नवे रूप म्हणावयाचे. बालभारतीची पाठ्यपुस्तके मोबाईलवर मिळत होती, परंतु घरात मोबाईल एक आणि मुले तीन, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. पुस्तके वाचण्यास असा मोकळा वेळ पुन्हा मिळणार नाही, असे वर्तमानपत्रांतून लिहून येई. वेळ होता खरा, पण कोणाला? टाळेबंदीच्या आदल्या वर्षी, 2019 साली, केंद्र सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्यांत स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवितात आणि पुरुष 97 मिनिटे, असे त्यात आढळले. पाच तास आणि दीड तास! ही पाहणी साध्या दिवसांची आहे. सगळे घरात असतील तेव्हा पाचाचे किती होत असतील, ते प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघराला विचारावे. शेतात निंदण आणि कापसाची वेचणी करणाऱ्या बाईला हे पाच तास मजुरीच्या वर असतात.

म्हणून आजची अडचण अक्षराची राहिली नसून वेळेची आहे. आणि वेळ मिळाला नाही की अक्षरही जाते. चौथी-सातवीपर्यंत शिकून संसाराला लागलेल्या कित्येक भगिनी सही करतात, बसची पाटी वाचतात. पण सलग दोन पाने वाचावयाची म्हटले की अडखळतात आणि ‘आता डोळे चालत नाहीत’ म्हणून पुस्तक मिटतात. दोष डोळ्यांचा नसतो. वापरात नसलेली विळी गंजते, तसे ते आहे. ज्या अक्षरासाठी रमाबाईंनी घरची बोलणी सोसली, ते अक्षर आपल्या घरात नुसत्या सवयीअभावी विझू द्यावयाचे काय? मंडळापुढचा खरा प्रश्न हा आहे.

यावर उपाय इतिहासातच सापडतो, आणि तो खर्चाचा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानात वाचनालयांची व्यवस्था लावली. त्यात फिरत्या पेट्या होत्या. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी खेड्यात जाई, लोक ती वाचीत, आणि ती पुढील गावी जाई. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावाने पुस्तकांच्या अशाच पेट्या फिरविल्या आहेत. आपल्या मंडळाला एवढी मोठी योजना नको. एक पत्र्याची पेटी आणि तीस पुस्तके पुरेत. दहा मन थाऱ्यावर आणणारी; त्यात प्रत्येकीने आपापल्या श्रद्धेची घ्यावीत. दहा माहितीची, आरोग्य, शेती, कायदा, स्वयंपाक. आणि दहा हसविणारी व मुलांना आवडणारी. आळीआळीने पेटी फिरावी, एका घरी आठ दिवस.

परंतु नुसत्या पेटीने भागणार नाही. पेटी आली आणि बाई चुलीशीच राहिली तर आपण पुन्हा आतल्या दाराशी येऊन बसलो असे होईल. म्हणून या चातुर्मासात प्रत्येक घराने एक नियम करून पाहावा. संध्याकाळी अर्धा तास वाचनाचा. त्या अर्ध्या तासात भांडी आणि चूल घरातील दुसऱ्या कोणी पाहावी. मुलगा पाहील, पती पाहील, दीर पाहील. बाईने मध्ये उठावयाचे नाही. पारायणाचा हा जुना नियम प्रथमच तिला लागू होईल. जिला सलग वाचता येते तिने मोठ्याने वाचावे. जी अडखळते तिने रोज एक पान वाचावे, आणि कोणी हसू नये. आजीने कहाणी सांगावी आणि नातीने ती वहीत उतरून घ्यावी. बहिणाबाईंची गाणी टिपणारे कोणीतरी घरात होते, म्हणून ती उरली. आपल्या आजीच्या ओव्या टिपणारे आपल्याशिवाय दुसरे कोण आहे? अशा वह्या जमल्या, तर मंडळाच्या पुढील स्मरणिकेला लेख मागावे लागणार नाहीत.

नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्या बायांसाठी ग्रंथाची भाषा मराठी ठेवली. ते आपल्यासाठी एक पाऊल पुढे आले; आता चुलीपासून पुस्तकापर्यंतचे पाऊल आपण व आपल्या घरच्यांनी मिळून टाकावयाचे आहे. यंदाची झड लागण्यापूर्वी पेटीसाठी ज्यांच्या घरी वाचून झालेली पुस्तके असतील त्यांनी ती मंडळाकडे आणून द्यावीत, एवढी विनंती करून हा लेख पुरा करते.